नाव मल्हार, लिंग स्त्री

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

मध्यंतरी आपल्या वाचकांच्या पत्रांमध्ये एका ज्येष्ठ बडोदेकरांचं पत्र आलं होतं. नात्यातल्या कुणीतरी मुलीचं नाव मुलासारखं ठेवलं म्हणून ते व्यथित झाले होते. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: हे नवं खूळ आहे, आपल्या रीतीत बसत नाही, कागदोपत्री घोळ होतो आणि शेवटी भोगावं लागतं ते पोरीला. पत्र तळमळीनं लिहिलेलं होतं, म्हणूनच त्याला उत्तर द्यावंसं वाटलं. शिवाय माझ्या भाचीचं बारसं नुकतंच झालं, आणि आत्या या नात्यानं तिच्या कानात मी जे नाव सांगितलं ते आहे मल्हार.

मी एका मराठी शाळेच्या कचेरीत काम करते. दाखले, हजेरीपट, जनरल रजिस्टर यांत माझा दिवस जातो. त्यामुळे नाव ही गोष्ट मी घरातूनही पाहते आणि खिडकीच्या आतल्या बाजूनंही.

आधी हे नाव आलं कसं ते सांगते, कारण पत्रलेखकांनी गृहीत धरलंय की अशी नावं लोक दिखाव्यासाठी ठेवतात. माझी वहिनी गाणं शिकलेली, आणि मल्हार हा गाण्यातला तिचा आवडता राग. सयाजीराव महाराजांनी १८८६ साली मौलाबक्षांच्या देखरेखीखाली जी गायनशाळा सुरू केली, तीच पुढे विद्यापीठात गेली, तिथली ती विद्यार्थिनी. दिवस गेले तेव्हाच तिनं आणि माझ्या भावानं ठरवून टाकलं, मूल कुणीही असो, नाव मल्हार. आपल्याकडे १९९४ च्या कायद्यानं गर्भाचं लिंग सांगणं हा गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. पण त्यामुळे घरोघरी दोन याद्या होतात, एक मुलाच्या नावांची, एक मुलीच्या, आणि पोटातल्या बाळाला मात्र नाव नसतं. या दोघांना दोन याद्यांची गरजच पडली नाही. वहिनी रियाजाला बसली की म्हणायची, "मल्हार ऐकतंय." भाऊ कामावरून आला की विचारायचा, "मल्हारनं आज लाथा मारल्या का? जेवण पचू दिलं का तुला?" सगळं नपुंसकलिंगात. झोपलं, उठलं, वळलं. मग ती जन्मली, आणि 'झोपलं'चं 'झोपली' झालं. आमच्या घरात एवढाच काय तो फरक पडला.

मुलगी आहे हे कळल्यावर नाव बदलायला हवं होतं असं काहींनी सुचवलं. मला ते पटत नाही. इतके महिने ज्या बाळाशी आपण नावानं बोललो, ते मुलगी निघालं म्हणून त्याचं नाव काढून घ्यायचं? ते राखून ठेवायचं, पुढच्या खेपेला मुलगा होईल त्याच्यासाठी? असंच सांगितलं एका बाईंनी, "राहू दे, दुसऱ्या वेळी उपयोगी पडेल." वहिनी ओली बाळंतीण होती. ती काही बोलली नाही. मी बोलले.

घरातले आक्षेप वेगळेच होते. आमच्या थोरल्या काकांना मुलगी-मुलगा याचं काही नव्हतं. ते म्हणाले, "बडोद्यात मल्हाररावांचं नाव ठेवताय?" मल्हारराव गायकवाडांवर रेसिडेंटला, म्हणजे दरबारातल्या इंग्रज प्रतिनिधीला, विष घालण्याच्या प्रयत्नाचा आळ आला, आणि १८७५ साली इंग्रजांनी गैरकारभाराचं कारण देऊन त्यांना गादीवरून काढलं. जुन्या बडोदेकरांच्या मनात ते अजून आहे. काकांना सांगितलं की मल्हारराव आणि त्यांचे थोरले बंधू खंडेराव, दोघांचीही नावं मुळात एकाच देवाची, आपल्या कुलदैवताची. मल्ल दैत्याला मारणारा तो मल्हारी. खंडोबाचं नाव म्हटल्यावर काका निवळले, आणि बारशाच्या घुगऱ्या वाटायला तेच पुढे होते.

गुरुजींचा आक्षेप मात्र मुद्द्याचा होता. रास सिंह निघाली. म आणि ट ही अक्षरं इथल्या गुजराती शेजाऱ्यांनाही तोंडपाठ असतात, तेव्हा 'म'बद्दल प्रश्न नव्हता. पण गृह्यसूत्रात, म्हणजे घरच्या संस्कारांचे नियम सांगणाऱ्या जुन्या ग्रंथात, असं आहे म्हणाले की मुलाच्या नावात अक्षरं सम असावीत, मुलीच्या नावात विषम, आणि मुलीच्या नावाचा शेवट 'आ'काराचा असावा. म-ल्हा-र ही तीन अक्षरं, म्हणजे विषमाची अट आपोआप पुरी होते. अडलं ते शेवटाशी. त्यांनी 'मल्हारी' सुचवलं. आता मल्हारी तर साक्षात देवाचंच नाव, शेवट दीर्घ असला तरी बाईचं नव्हे! त्यांनाही ते लगेच लक्षात आलं. मग मी त्यांना आमच्याच घरातल्या बायकांची नावं मोजून दाखवली. आजीच्या जावा कुसुम आणि सुमन, आईच्या मैत्रिणी विमल, मंगल, कुमुद. एकीच्याही नावाला 'आ' नाही, आणि या सगळ्यांची लग्नं याच गुरुजींच्या वडिलांनी लावलेली. गुरुजी भले माणूस. म्हणाले, "ठेवा, नाव शुभ आहे."

पत्रलेखक म्हणतात हे खूळ नवं आहे, तर बडोद्यात राहणाऱ्या मराठी माणसानं तरी तसं म्हणू नये. आपण दोन भाषांच्या गावात पिढ्यान्पिढ्या राहतोय. आपल्याकडे कमल म्हटलं की नऊवारीतली मावशी डोळ्यांपुढे येते, आणि गल्ली ओलांडून पोळात, म्हणजे गुजराती वस्तीत, गेलं की कमलभाई. विमलचं तेच, इथे विमलताई, तिथे विमलभाई. माझ्या आईची एक मावशी होती कमल नावाची. तिच्या रेशनकार्डावर कितीतरी वर्षं 'कमलभाई' होतं. दुकानदार तिला तिच्या तोंडावर "आवो मासी" म्हणायचा आणि वहीत कमलभाईच्या नावावर साखर लिहायचा. मावशीचं त्यात काही बिघडलं नाही. याच गावचा यष्टिरक्षक किरण मोरे भारतासाठी ४९ कसोटी सामने खेळला, आणि १९७२ साली देशातली पहिली महिला आयपीएस अधिकारी झाल्या त्या किरण बेदी. कुणाला कधी कोडं पडलं का, की यष्ट्यांमागे कोण उभं आहे आणि खाकी वर्दीत कोण?

किरणवरून एक गोष्ट सांगायलाच हवी. जर्मनीत नावावरून मुलगा की मुलगी हे कळलंच पाहिजे असा नोंदणी कचेऱ्यांचा आग्रह असे. एका जोडप्यानं मुलीचं नाव 'किरण' ठेवलं, तर कचेरीनं नोंद करायला नकार दिला. यावरून काही कळत नाही, जोडीला स्पष्टपणे मुलीचं असं दुसरं नाव लावा, म्हणाले. आईबाप थेट त्यांच्या घटना न्यायालयापर्यंत गेले, आणि ५ डिसेंबर २००८ रोजी न्यायालयानं सांगितलं की नाव ठेवणं हा आईबापांचा हक्क आहे, मुलाच्या हिताला बाध येत असेल तरच त्यात हात घालता येईल, आणि नावावरून लिंग कळत नाही एवढ्यानं मुलाच्या हिताला काही बाध येत नाही. आपल्या आळीत दर दोन घरांआड सापडणारं नाव, त्याच्यासाठी परक्या देशात केवढी लढाई झाली! आणि आपण, ज्यांच्याकडे हे स्वातंत्र्य कुणी न मागता आहे, ते मात्र खूळ म्हणून झटकतोय.

पंजाबात तर एकच नाव मुलाला आणि मुलीला, पुढे सिंह किंवा कौर. पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ साली हॉकीचं कांस्यपदक जिंकणाऱ्या संघाचा कप्तान हरमनप्रीत सिंह, आणि २०२५ मध्ये महिलांचा क्रिकेट विश्वचषक उचलला ती कप्तान हरमनप्रीत कौर. आमच्या शाळेतल्या पोरांना हे आपोआप कळतं, त्यांना कुणी समजावून द्यावं लागत नाही. आपल्या मराठीतही माणिक वर्मांना ऐकताना 'माणिक' हे माणिकप्रभूंसारख्या सत्पुरुषाचंही नाव आहे हे कुणाला खटकलं नाही. बंगालमध्ये तेवीस वर्षं मुख्यमंत्री होते ते ज्योती बसू. समोरच्या जैन काकूंनी तर मला आणखी वेगळंच सांगितलं. त्यांच्या श्वेतांबर परंपरेत एकोणिसावे तीर्थंकर मल्लिनाथ हे स्त्री होते. दिगंबर ते मानत नाहीत. पण गुजरातभर देरासरांत, म्हणजे जैन देवळांत, श्वेतांबर भाविक हात जोडतात त्या मल्लिनाथांच्या नावात 'नाथ' आहे, आणि 'नाथ' आहे म्हणून त्यांचं स्त्रीपण नाकारावं असं त्यांच्यापैकी कुणाला वाटत नाही. बारशाला काकू मुद्दाम आल्या होत्या आणि पाळण्यापाशी बसून हे सांगत होत्या. मला फार बरं वाटलं.

रीत रीत म्हणताना आणखी एक आठवावं. आपल्याकडे बाईचं नाव फार जपलं जात होतं असं थोडंच आहे? लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहिलं की आईबापांनी हौसेनं ठेवलेलं नाव संपलं. सयाजीरावांची पहिली पत्नी तंजावरची लक्ष्मीबाई, ती इथे येऊन चिमणाबाई झाली. ती गेल्यावर देवासची गजराबाई आली, तीही चिमणाबाईच. पहिल्या चिमणाबाईंच्या स्मरणार्थ रावपुऱ्यात टॉवर आहे, रोज त्याच्यासमोरून जाताना लक्ष्मीबाई कुणाला आठवते? महाराजांचं स्वतःचंही नाव बदललं होतं, कवळाण्याचे गोपाळराव दत्तक येऊन सयाजीराव झाले. पण ते गादीवर बसण्यासाठी. बायकांचं नाव बदलायला घर बदलणं पुरेसं होतं. माझ्या आजीचं माहेरचं नाव मला ती गेल्यावर तिच्या भावाच्या जुन्या पत्रातून कळलं. चंद्रा. तोवर घरात कुणी ते उच्चारलेलंसुद्धा नव्हतं. मुलीचं नाव 'मुलीसारखं' असावं म्हणून आज जो जीव तुटतो, तो तेव्हा कुठे होता असं मला खरंच विचारावंसं वाटतं.

आता कागदोपत्री घोळाबद्दल. इथे मी पत्रलेखकांशी अर्धी सहमत आहे, घोळ होतो. पण तो कशानं होतो ते सांगते.

मल्हारला लस द्यायला नेलं तिथे संगणकावर बसलेल्या भाईंनी नाव ऐकलं आणि मान वर न करता 'पुरुष' अशी नोंद केली. फॉर्मवर वहिनीनं 'स्त्री'पुढे खूण केलेली होती, ती त्यांनी पाहिलीच नाही. कार्ड हातात आल्यावर वहिनीनं वाचलं आणि परत दिलं. ते म्हणाले, "बेन, आ तो छोकरानुं नाम छे." वहिनी म्हणाली, "मारी छोकरीनुं छे." ते हसले, दुरुस्त करून दिलं, आणि दुरुस्त करताना पुन्हा कुणाचा गोंधळ होऊ नये म्हणून नावाला 'बेन' जोडून टाकलं. मल्हारबेन! हेतू चांगलाच होता. पण मल्हारबेन हे आमच्या मुलीचं नाव नाही. तिसऱ्यांदा कार्ड छापून घेतलं तेव्हा ते बरोबर आलं.

हाक मारताना बेन म्हणणं ही गुजरातची गोड रीत आहे. मला भाजीच्या लारीवर कुणी बेन म्हणालं की ते घरचं वाटतं. अडचण होते ती हे बेन, भाई, कुमार, कुमारी कागदावर नावाला चिकटतात तेव्हा. माझ्या खिडकीशी माजी विद्यार्थी येतात ते बहुतेक पासपोर्टच्या वेळी. जन्मदाखल्यावर गीता, आमच्या रजिस्टरात गीताबेन, बोर्डाच्या गुणपत्रिकेवर गीता, आधारवर गीताकुमारी. महेश, महेशभाई, महेशकुमार, तेच. "मॅडम, हे तिन्ही मीच आहे असं लिहून द्या ना," म्हणतात. मग प्रतिज्ञापत्र, मग राजपत्रात जाहिरात, मग पुन्हा आमच्याकडे. गीता आणि महेश यांच्यापेक्षा सरळ नावं कुठली? त्यांचाही घोळ होतोच. तेव्हा घोळ मुलीचं नाव मुलासारखं असल्यानं होत नाही. लिंगासाठी फॉर्मवर वेगळा रकाना आहे तो न वाचता नावावरूनच सगळं ओळखायच्या सवयीनं होतो, आणि जे नाव दिलंय ते जसंच्या तसं न लिहिल्यानं होतो.

पूर्वी एकदा चुकलेलं पुढच्या कागदावर सुधारून घेता यायचं. आता तसं नाही. जन्म-मृत्यू नोंदणीच्या कायद्यातली दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली. त्या दिवसापासून पुढे जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदारयादी, विवाहनोंदणी, सरकारी नोकरी, सगळीकडे जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच चालणार. म्हणजे खिडकीतल्या माणसानं मायेनं जोडलेलं एक 'बेन' त्या मुलीच्या मागे आयुष्यभर राहणार.

पोरीला चिडवतात म्हणावं तर मुलं कशावरूनही चिडवतात. आडनावावरून, चष्म्यावरून, डब्यातल्या वांग्यावरून. बाई वर्गात हजेरी घेताना अडखळल्या नाहीत, "हे कसलं गं नाव?" असं म्हणाल्या नाहीत, तर मुलं आठवड्याभरात विसरतात. मी हे पाहिलंय. चिडवण्याची सुरुवात बहुतेकदा मोठ्या माणसाच्या एका वाक्यानं होते.

आणि त्या वाक्यांबद्दलच मला खरं बोलायचंय. आक्षेप घेणाऱ्यांचं मला तितकं लागलं नाही, जितकं कौतुक करणाऱ्यांचं लागलं. एक परिचित बाळाला बघायला आले. इथे मुलगा झाला की पेंडे आणि मुलगी झाली की जिलेबी असा रिवाज. भावानं मुद्दाम पेंडे आणले होते, कारण वहिनीला पेंडे आवडतात. परिचितांनी पेंडा तोंडात टाकला, बाळाचं नाव विचारलं, आणि खूष होऊन म्हणाले, "बरं केलंत. नावानंच मुलाची हौस भागवली. आता हिला मुलासारखीच वाढवा." ते आशीर्वाद म्हणूनच बोलले होते. वहिनीनं बाळाला कुशीत ओढलं आणि आत निघून गेली.

हे मला अजिबात मान्य नाही, आणि मुलीला असं नाव ठेवणाऱ्यांनाही मला हेच सांगायचंय. 'आमची मुलगी आमचा मुलगाच आहे' असं म्हणण्यासाठी मुलाचं नाव ठेवणार असाल, तर कृपा करून ठेवू नका. साताऱ्यात 'नकोशी' नावाच्या मुली होत्या. २०११ साली तिथे समारंभ करून अशा २८५ मुलींना नवी नावं दिली गेली. तिसरी-चौथी मुलगी झाली, आता तरी मुलगा व्हावा म्हणून तिचं नावच नकोशी. आपल्याला ते वाचून शहारे येतात. पण मुलगा हवा होता, तो झाला नाही, म्हणून मुलीला मुलाचं नाव देणं, यात आणि त्यात अंतर किती? शब्द सुंदर झाला, इच्छा तीच राहिली. उलटही बघा. मुलगे जगत नसत तेव्हा मुलाचं नाक टोचून त्याला नथ घालायचे आणि नथू म्हणायचे, म्हणजे यमाला वाटावं ही मुलगी आहे, नेण्यासारखं इथे काही नाही. नथू, नथोबा ही नावं आली ती अशी. किती सहज मान्य होतं हे आपल्या समाजाला, की मुलगी म्हणजे मृत्यूनंसुद्धा ज्याच्याकडे वळून पाहू नये असं काहीतरी! २०११ च्या जनगणनेत गुजरातमध्ये सहा वर्षांपर्यंतच्या १००० मुलग्यांमागे ८९० मुली होत्या. शंभराच्या वर मुली कमी पडतात तिथे 'मुलाची हौस' हा शब्द हलकेच उच्चारता येत नाही.

आमच्या जनरल रजिस्टरात आणखी एक दिसतं. जुन्या पानांवर किरण, शीतल, सुमन या नावांचे मुलगे सापडतात. अलीकडच्या पानांवर या नावाचा नवा मुलगा मला आठवत नाही. मुलींनी नाव घेतलं की मुलाच्या आईबापांना ते नकोसं होतं, जणू नाव उष्टं झालं. मुलीला मल्हार म्हटलं तर लोक धाडस म्हणतात. मुलाला कुणी सुमन म्हणालं तर आज हसतील. मला वाटतं, पत्रलेखकांनी खरं तर याबद्दल लिहायला हवं होतं. वरच्या पायरीवरचं नाव खाली दिलं तर चालतं, खालचं वर नेलं तर हसं होतं, ही पायरीच मुळात कुणी घातली? वहिनीला मी हे विचारलं होतं, मुलगा झाला असता आणि तुला 'वीणा' आवडलं असतं तर? ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "ठेवलं असतं असं आता म्हणणं सोपं आहे." तिच्या या उत्तराबद्दल मला तिचा आदर वाटतो. 'मल्हार'च्या मागे असली काही गणितं नव्हती. तिला तो राग आवडतो, भावाला ती गाताना आवडते, आणि घरात खंडोबाचा टाक आहे. मुलीचं नाव ठेवायला याहून जास्त कारण कशाला हवं?

आता आपल्याला दोन विनंत्या. आपल्या पुरवणीत अधूनमधून बाळांच्या नावांची यादी येते, ती 'मुलांसाठी' आणि 'मुलींसाठी' अशा दोन रकान्यांत असते. एकदा अक्षरांच्या क्रमानं एकच यादी छापून पाहावी, पुढे नुसता अर्थ द्यावा. कुणाला काय घ्यायचं ते आईबाप ठरवतील.

दुसरी विनंती वाचकांना. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, पण नाव त्या घाईत ठरवावं लागत नाही. नावाचा रकाना रिकामा ठेवून नोंद होते. पुढे वर्षाच्या आत नाव विनाशुल्क भरता येतं, आणि त्यानंतरही विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. बारसं होऊ द्या, घरात चार दिवस हाक मारून पाहा, मग जा. जाताना कागदावर गुजरातीत आणि इंग्रजीत नाव स्वतः ठळक लिहून न्या, तोंडी सांगू नका. पक्का दाखला निघण्याआधी पडद्यावरची नोंद वाचायला मागा, लाजू नका, मागे रांग असली तरी. नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव, आडनाव, लिंग. नावाला बेन, भाई, कुमार, कुमारी काही जोडलेलं असेल तर तिथल्या तिथे काढायला सांगा. मुलीचं नाव मुलासारखं असेल तर लिंगाचा रकाना दोनदा बघा. आम्ही तसंच केलं. मल्हारच्या दाखल्यावर नाव आणि लिंग दोन्ही बरोबर आलंय, आणि त्याच्या चार झेरॉक्स काढून ठेवल्या आहेत.

आपली नम्र,
एक आत्या
दांडिया बाजार, वडोदरा